बेचक्यातली खूण

मी भांगेच्या शेतात नोकरी करते, असं सांगितलं की आमच्याकडच्या लग्नकार्यात माणसं दोन तऱ्हेनं हसतात. एक हसू डोळा मिचकावणारं, ‘मग काय, मजा आहे बुवा’ छापाचं. दुसरं काळजीचं, ‘अगं, पोलीस नाही का धरत?’ असं विचारणारं. दोघांनाही मी एकच उत्तर देते. शेताला परवाना आहे, आणि तिथल्या झाडाची चिलीम भरलीत तर डोकेदुखीपलीकडे काही पदरात पडणार नाही. एवढं ऐकून बहुतेकांचा रस संपतो. ज्यांचा टिकतो त्यांना मी खरं काम सांगते: पावसाळ्याचे दोन-अडीच महिने मी झाडांच्या बेचक्यांत भिंग लावून बघत असते, की हे झाड नर आहे की मादी.

कायद्याचं आधीच सांगून टाकते. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं भांगेची बिनपरवाना लागवड गुन्हा ठरवली. पण धागा आणि बी यांसाठी सरकारला परवानगी देता येईल, अशी वाट कलम १४ मध्ये ठेवली. उत्तराखंडानं २०१८ साली देशात प्रथम या वाटेनं जाऊन औद्योगिक भांगेचे परवाने द्यायला सुरुवात केली. अट अशी, की झाडातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, ०.३ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. कायद्याच्या भाषेत ‘गांजा’ म्हणजे या झाडाचे फुलाफळांचे शेंडे. शेंड्यांपासून वेगळी केलेली नुसती पानं किंवा बी त्यात मोडत नाहीत. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं भांगेची बी, तिचं तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली, आणि आमच्यासारख्यांच्या नोकऱ्यांना जरा बूड आलं.

उत्तराखंडातल्या कुमाऊंच्या लोकांना या मान्यतेचं काही विशेष वाटलं नाही. ते ही बी पिढ्यान् पिढ्या खात आले आहेत. भाजलेली बी, जिरं, हिरवी मिरची आणि लिंबू पाट्यावर वाटून केलेली चटणी, तिच्यासोबत बटाट्याचे गुटके, हा अल्मोड्याकडचा घरोघरचा पदार्थ. बीमध्ये नशा नसते. नशा असते ती शेंड्यांवरच्या राळेत, आणि ती राळ मुख्यतः मादीच्या फुलोऱ्यावर.

दापोलीला शिकून बाहेर पडलेली मी अल्मोड्याच्या खाली, कोसी नदीच्या खोऱ्यात पोचले ती बीजोत्पादनाच्या कामासाठी. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, एकेक पायरी चार बैठ्या घरांएवढीसुद्धा नाही. कंपनीचा परवाना, शेतकऱ्यांची जमीन, कंपनीचं बियाणं. टीएचसी कमी असलेली देशी झाडं निवडायची, त्यांचं बी धरायचं, पुढच्या वर्षी त्यातून पुन्हा निवडायची. परदेशातलं तयार बियाणं आणून चालत नाही. हे झाड रात्र मोठी व्हायला लागली की फुलतं. युरोपातल्या लांबलचक उन्हाळी दिवसांत वाढलेली जात आपल्याकडच्या त्यामानानं आखूड दिवसांत आली, की तिला वाटतं हंगाम सरत आला. ती बुटकी असतानाच फुलोऱ्यावर येते. मग ना धागा, ना बी. देशी झाड उंचपुरं, काटक. पण त्याचं टीएचसी पुष्कळदा मर्यादेच्या वर. या दोहोंमधून वाट काढायची तर निवडपद्धतीला पर्याय नाही, आणि निवड करायची तर कोणत्या मादीवर कोणत्या नराचा पराग पडला हे हातात असायला हवं.

भांगेचा स्वभाव असा, की नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. पेरलेल्या बियांतून साधारण निम्मी रोपं नर निघतात, निम्मी मादी. व्यवस्था माणसासारखीच गुणसूत्रांची: मादीत दोन्ही एक्स, नरात एक एक्स आणि एक वाय. म्हणजे बी मातीत पडतं तेव्हाच निकाल लागलेला असतो; पण झाड तो महिना-दीड महिना पोटात ठेवतं. तोवर दोन्ही रोपं शेजारी शेजारी उभी केली तरी कुणाच्या बापाला ओळखू यायची नाहीत.

झाड वयात आल्याची एक सूचना मात्र मिळते. सुरुवातीला पानं जोडीजोडीनं, समोरासमोर येतात. मग कधीतरी वरच्या पेरांवर ती एकाआड एक येऊ लागतात. असं दिसलं की भिंग बाहेर काढायचं.

खोड डाव्या हाताच्या दोन बोटांत धरायचं, वाकवायचं नाही. खालून चौथ्या ते सहाव्या पेराशी यायचं. पानाचा देठ खोडाला मिळतो तिथे दोन्ही बाजूंना एकेक बारीक, टोकदार, हिरवं उपपर्ण असतं. नवखा माणूस इथेच फसतो. त्याला हेच मादीचे धागे वाटतात. उपपर्ण नराला असतं तसं मादीलाही असतं, त्यामुळे त्याच्याकडे काणाडोळा करायचा. त्याच्या मागे, देठ आणि खोड यांच्या बेचक्यात, मोहरीहून लहान असं काहीतरी फुगलेलं दिसेल. ते बघायचं.

नराची कळी छोट्याशा देठावर असते. गुळगुळीत, मिटलेली, गोलसर. काही दिवसांत तिच्या शेजारी दुसरी येते, तिसरी येते, आणि पुढे सगळा लोंबता घोस होतो. कळी उमलली की पाच पिवळट-हिरवी परिदलं आणि त्यांच्यातून खाली लोंबणारे पाच पुंकेसर. मादीची कळी जोडीनं येते, तिला देठ नसतो, ती बेचक्याला चिकटून बसलेली असते. बुडाशी फुगीर, वर निमुळतं असं एक हिरवं सहपत्र, आणि त्याच्या तोंडातून बाहेर आलेले दोन पांढरे धागे, एकमेकांपासून फाकलेले. त्या कुक्षी. पाकळी नाही, रंग नाही, वास म्हणावा तर तो सगळ्या झाडालाच. वाऱ्यावरचा पराग झेलायचा एवढंच त्या धाग्यांचं काम, त्यामुळे कुणाला भुरळ घालायची गरज नाही.

या कामाचा नियम म्हणाल तर सोपा आहे. देठावरची कळी दिसली की नर. पांढरे धागे दिसले की मादी. दोन्ही दिसलं नाही तर काहीच ठरवायचं नाही, पुढच्या झाडाकडे जायचं आणि चार दिवसांनी परत यायचं. सोबत काम करणाऱ्या मुलांना मी सगळ्यांत जास्त वेळा हे तिसरं वाक्य ऐकवलं आहे. ‘धागे दिसत नाहीत, म्हणजे नर असेल’ हे अनुमान कानाला बरं वाटतं. पण धागे उद्या सकाळी येणार असतात. उपटलेलं झाड परत लावता येत नाही.

ठरलेल्या नराच्या बुंध्याला लाल लोकरीचा तुकडा बांधायचा, मादीला काही नाही, शंका असेल त्याला पांढरा. पहिल्या फेरीनंतर शेतात पांढराच रंग जास्त दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला तो कमी होत जातो.

यात शॉर्टकट शोधणारे खूप. बीच्या बुडाशी नीट खळगा असेल तर ती मादीची, असं ठासून सांगणारे मला भेटले आहेत. तसल्या बिया वेगळ्या काढून पेरल्या. नर-मादी निम्मे निम्मेच निघाले. दुसरा शॉर्टकट उंचीचा: नर उंच आणि सडपातळ, मादी बुटकी आणि भरगच्च. हे सर्वसाधारणपणे खरं आहे, पण ते कळतं तेव्हा त्याचा उपयोग उरलेला नसतो. शिवाय शेत काही सारखं नसतं. गोठ्याकडच्या पायरीवरची मादीसुद्धा खताच्या जोरावर ताडमाड होते, आणि अक्रोडाच्या सावलीतलं कुठलंही झाड उजेडासाठी लांबत जाऊन नरासारखं किडकिडीत दिसतं. प्रयोगशाळेत पानाचा तुकडा दिला तर नराच्या खुणेचा डीएनए तपासून कोवळ्या रोपाचंही लिंग सांगतात. पैदाशीच्या मोजक्या झाडांसाठी ते ठीक आहे. हजारोंनी उभ्या असलेल्या झाडांसाठी भिंग आणि दोन पायच परवडतात.

आता शेताच्या मालकिणीबद्दल. गावात सगळे तिला आमा म्हणत, म्हणजे आजी. मीही म्हणू लागले. ती मला चेली म्हणे, म्हणजे पोरी. हरेल्याचा सण झाला, श्रावण लागला, की मी शेतात उतरत असे, आणि आमा बांधावर बसून विचारी, “चेली, आत्तापासून काय शोधतेस? घी-त्यार होऊ दे. झाडच सांगेल.” घी-त्यार म्हणजे भादोची संक्रांत, ऑगस्टच्या मध्याला येते. त्या दिवशी तिकडे तूप खायचंच असतं. तोवर नरांचे घोस लोंबायला लागलेले असतात, आणि मग भिंगाशिवाय, चार पायऱ्या वरूनसुद्धा, नर ओळखू येतो.

आमाचं म्हणणं चूक नव्हतं. तिच्या कामासाठी घी-त्यार अगदी वेळेवर होता. तिची पद्धत अशी: नर फुलू द्यायचा, त्याची धूळ उडून जाऊ द्यायची, मग तो काढायचा. नराचं आयुष्य तेवढंच. पराग सांडला की तो पिवळा पडतो आणि वाळतो. त्याच्या सालीचा धागा मऊ आणि बारीक असतो. काढलेले दांडे ती ओढ्याच्या साचलेल्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवी, कुजून साल सुटली की बुडाकडून ओढून काढी. पूर्वी या सालीचं भांगेला नावाचं जाड कापड विणत, आता दोर आणि गुरांची दावी. मादी मात्र शेतातच. ती महिना-सव्वा महिना आणखी उभी राहते, बी भरते, कार्तिकाच्या सुमाराला तिची कापणी होते. तिचाही धागा निघतो, पण तो राठ. एकाच शेतातून नराचा धागा आधी आणि मादीचं बी नंतर, असं हे दोन हप्त्यांचं पीक.

माझं काम वेगळं, म्हणून माझी वेळही वेगळी. शेताच्या वरच्या उतारावर, रस्त्याच्या कडेला, पडक्या घरांच्या अंगणात आपोआप उगवलेली भांग माजलेली असते. हिमालयाच्या पायथ्याशी ती तणच आहे. त्यातल्या नरांचा पराग वाऱ्यानं माझ्या निवडलेल्या मादींवर आला, तर वर्षभराची निवड पाण्यात. इथे एक गोष्ट पुष्कळांना नीट उमजत नाही. बाहेरच्या परागानं या वर्षीच्या मादीच्या शेंड्यातलं टीएचसी वाढत नाही. तो तिच्या स्वतःच्या अंगाचा गुण. बिघडते ती तिच्या पोटातली पुढची पिढी. म्हणजे चटणीसाठी बी विकायचं असेल तर बाहेरचा नर चालतो. पेरण्यासाठी बी धरायचं असेल तर तो फुलण्याआधी जायला हवा. या झाडाचा पराग वाऱ्यावर कैक किलोमीटर जातो, त्यामुळे सगळा डोंगर काही साफ करता येत नाही. जवळचा परिसर तेवढा आपल्या हातात, आणि त्यासाठी हरेला ते घी-त्यार एवढाच अवधी.

त्या दिवसांत आम्ही पहाटेच निघत असू. दंव पडलेलं असतं तेव्हा पराग ओला असतो, उडत नाही. एखादी कळी उमललेली दिसली तर शेंड्यावर आधी कापडी पिशवी चढवायची, तोंड बांधायचं, मगच झाड मुळासकट उपटायचं. ऊन चढल्यावर हेच काम केलं तर झाडाला नुसता धक्का लागला तरी फिकट पिवळा धूर उठतो. एकेका फुलात पराग लाखांनी असतो, आणि एका झाडावर फुलं शेकड्यांनी.

नर शोधायला मला फार मदत झाली ती मधमाश्यांची. कुमाऊंत जुन्या घरांच्या भिंतींत माश्यांसाठी खण ठेवलेले असतात; बाहेरून बारीक भोक, आतून फळीचं दार. पावसाळ्याच्या अखेरीला बाकी फुलं कमी असतात, तेव्हा या माश्या भांगेच्या नरांवर पराग गोळा करायला येतात. मादीकडे त्या फिरकत नाहीत, कारण तिच्याकडे ना मध, ना पराग. सकाळी दाट झाडीत कुठे गुणगुण ऐकू आली की तिकडे जायचं; तिथे फुललेला नर सापडतोच. ज्याच्या घरी माश्या होत्या तो शेतकरी माझ्यावर थोडा नाराज असे. मी नर उपटते म्हणजे त्याच्या माश्यांचं खाणं उपटते, हे त्याचं म्हणणं रास्तच होतं. मग आम्ही ठरवलं, की शेतातले निवडलेले नर मी राखणार आहेच, त्यांच्यावर त्याच्या माश्यांनी खुशाल यावं.

नर उपटण्याचा धंदा आपल्या देशात नवा नाही. एकोणिसाव्या शतकात बंगालमधल्या राजशाही जिल्ह्यात, आज बांगलादेशात असलेल्या नौगाव भागात, सरकारी देखरेखीखाली गांजाची मोठी लागवड होती. मध्य प्रांतात खांडव्याकडे होती, आणि मुंबई इलाख्यात आपल्या नगर जिल्ह्यातही होती. १८९३ साली नेमलेल्या भारतीय भांग आयोगाच्या अहवालात या सगळ्याची तपशीलवार नोंद आहे. नौगावचे शेतकरी नर ओळखण्यासाठी खास माणूस बोलवत, त्याला पोद्दार म्हणत. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचं नाव ‘गांजा डॉक्टर’ ठेवलं होतं. तो रांगारांगांतून फिरून, फूल उमलण्याआधी, नर झाडं काढून टाकी. कारण मादीवर पराग पडला, बी धरलं, की राळ कमी होते आणि मालाचा भाव उतरतो. म्हणजे पोद्दार आणि मी एकच खूण बघत होतो. पण त्याला बी नको होतं आणि मला बीच हवं होतं. तो एकूण एक नर काढत असे. मी परका नर काढते आणि घरचा राखते.

आमाची पद्धत तर याहून कितीतरी जुनी निघाली. सहाव्या शतकात जिया सिश्ये नावाच्या चिनी अधिकाऱ्यानं शेतीवर ग्रंथ लिहिला, त्यात तो सांगतो, की बियांसाठी लावलेल्या भांगेतले नर धूळ सोडून झाल्यावर उपटावेत. त्याआधी उपटले तर मादीत बी भरणार नाही. वनस्पतींतही नर-मादी असतात हे युरोपात प्रयोगानं मांडलं गेलं ते १६९४ साली, जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या रुडॉल्फ कामेरारियसकडून. त्यानं ज्या झाडांवर प्रयोग केले त्यांत भांगही होती, आणि तिनं त्याला चांगलंच छळलं. नरांपासून दूर ठेवलेल्या मादींनाही काही बी धरलंच. बिचारा वैतागला. आज कुठलाही शेतमजूर त्याला दोन कारणं सांगेल: एक तर वाऱ्यानं कुठून तरी पराग आला असणार, नाहीतर मादीवरच एखाद-दुसरं नरफूल आलं असणार.

हे दुसरं कारण माझ्याही डोक्याला ताप देतं. मादीला ताण बसला, फार उशिरापर्यंत पराग मिळाला नाही, फांदी मोडली, की तिच्या फुलोऱ्यात मधूनच पिवळे पुंकेसर डोकावतात. लाल लोकर न बांधलेलं झाड म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि तेच गुपचूप पराग सांडत असतं. म्हणून एकदा मादी ठरलेल्या झाडाकडेही शेवटपर्यंत जात राहावं लागतं. दिल्ली विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एच. वाय. मोहन राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर हे हुकमी करून दाखवलं. १९७०च्या सुमाराला इथिलीन देणारं रसायन फवारून त्यांनी नर झाडावर मादीफुलं आणली, आणि १९८२ साली चांदीची संयुगं वापरून मादी झाडावर नरफुलं आणली, तीही सकस परागाची. आज जगभर निव्वळ मादी रोपं देणारं बियाणं तयार करतात त्यामागे हेच तत्त्व आहे: दोन्हीकडून एक्सच आला, तर नर निघणार कुठून? युरोपातल्या बियाणेवाल्यांनी तिसरीच वाट धरली. एकाच झाडावर दोन्ही फुलं येणाऱ्या जाती त्यांनी वाढवल्या, म्हणजे सगळं शेत एकदम पिकतं आणि यंत्रानं कापता येतं.

हे सगळं बघता बघता एक गोष्ट मनात पक्की बसली. नर-मादी ओळखणं ही कामाची पहिली पायरी. ओळखल्यावर कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं, हे झाड सांगत नाही. ते आपल्याला काय हवं त्यावर ठरतं. गांजावाल्याला नर म्हणजे नुकसान. दोरवाल्याला तोच नर म्हणजे उत्तम धागा. बीवाल्याला नर नसेल तर पीकच नाही. माशीवाल्याला भादोतलं खाणं. ‘नर झाड म्हणजे फुकटचं’ असं आपण सर्रास बोलतो, ते फक्त आपल्या गरजेपुरतं खरं असतं.

सुट्टीवर कोकणात आले की हाच विषय वेगळ्या झाडांच्या रूपानं समोर येतो. आमच्या परसात रातांब्याची झाडं आहेत, बियांपासून लावलेली. रातांब्याचंही नर वेगळं, मादी वेगळी. पण भांग दीड महिन्यात सांगते ते सांगायला रातांबा सात-आठ वर्षं घेतो. तोवर शेणखत घाला, पाणी घाला, कुंपण करा. आणि मग निम्मी झाडं नुसती फुलतात, फळत नाहीत. जायफळाची तीच कथा. पपईचं बरं, काही महिन्यांत फुलावर येते. म्हणून तर जाणते शेतकरी वॉशिंग्टनसारख्या जातीची एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावतात आणि फूल दिसल्यावर जास्तीचे नर काढून टाकतात. त्यातही शेकडा दहाएक नर राखायचे, नाहीतर मादी फळणार कशी?

घरी भांगेचं रोप लावून ही खूण बघण्याचा मोह कुणाला झाला, तर तो आवरावा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय एक रोप लावणंसुद्धा गुन्हा आहे. भिंग घ्या आणि पपईपाशी जा. नराची फुलं लांब देठावर घोसानं लोंबतात, मादीचं फूल खोडाजवळ एकटंदुकटं असतं आणि त्याच्या बुडाशी इवलंसं फळ आधीपासूनच दिसतं. डोळ्याला तेवढा सराव पुरतो.

आणि एक विनंती, विशेषतः परसात चार झाडं लावू पाहणाऱ्यांना. दर पावसाळ्याच्या तोंडावर रोपवाटिकांत सांगणारे भेटतात: पान रुंद ते मादी, बी काळी ती मादी, मूळ सरळ ते नर. यातल्या कशाचाही भरवसा धरू नका. फुलण्याआधी नुसत्या डोळ्यांनी लिंग सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि मी या कामाचा पगार घेते. रातांबा किंवा जायफळ लावायचं असेल तर बियांचं रोप घेऊच नका. फळत्या मादीवरून बांधलेलं कलम मागा, दापोलीच्या विद्यापीठाची कोकण अमृता किंवा कोकण सुगंधा घ्या. आणि दहा मादी कलमांमागे एक नर लावायला विसरू नका. विक्रेता म्हणेल, नराची काय गरज? त्याला हो म्हणा, पैसे द्या, आणि नराचं कलम दुसरीकडून आणा.